अर्नाळ्यात दोन खोल्या

हॉटेलात राहायला जाणं किती जोखमीचं असतं, हे चार लोकांना सांगितल्याशिवाय कळत नाही. मी सांगितलं आणि तिथेच फसलो.

बेत तसा गरीब होता. डिसेंबरात माझी थोडी रजा उरली होती, ती नुसतीच बुडणार होती, आणि आमच्या विनिताने पुण्याहून फोनवर फर्मान काढलं की बाबा, आईला घेऊन दोन दिवस कुठेतरी हॉटेलात राहून या. हॉटेलात, नातेवाइकांकडे नव्हे, हेही पोरीने दोनदा बजावलं. तिला आमचा इतिहास ठाऊक आहे. आम्ही महाबळेश्वर पाहिलं ते माझ्या बायकोच्या, यमुनाच्या, मावसबहिणीचे यजमान तिथे बदलून गेले म्हणून, आणि ते परत आले तेव्हा आमचं महाबळेश्वरही संपलं. अशा ठिकाणी यमुना सकाळी पाहुणी म्हणून उतरते आणि दुपारी त्यांच्या ओट्यापाशी पोळ्या लाटत असते.

जागा मी निवडली. गोव्याच्या वाटेवर घाट लागतो, अलिबागला जायचं तर बोट, माथेरानला दऱ्या. मी भित्रा नाही, पण दरी ती दरीच. सगळा विचार करून मी अर्नाळा पक्कं केलं. अर्नाळा आमच्याच तालुक्यात आहे. जूचंद्रहून सकाळी निघालं की जेवायच्या आत पोचता येतं, आणि काही झालंच तर तितक्याच वेळात घरी परतता येतं. 'काही' म्हणजे काय, असं यमुनाने विचारलं. ते माहीत असतं तर मी त्याला 'काही' कशाला म्हटलं असतं?

हॉटेलचं नाव 'सुरूछाया'. वाळूला लागून, दुमजली, आणि दर आमच्यासारख्यांना परवडणारा. फोनवर मालकीणबाईंनी "या, रूम हाय" एवढंच सांगून फोन ठेवला. त्या बाईंचं नाव रिटा. इतकं कमी बोलणं ऐकून मला पहिली शंका आली. खोली धड असती तर बाई तिच्याबद्दल दोन शब्द जास्त बोलल्या असत्या.

आमच्या खालच्या मजल्यावर भूपेश राहतो. तो कुरिअर कंपनीत नोकरीला आहे, पण त्याचा खरा व्यवसाय लोकांना सावध करणं हा आहे. आम्ही हॉटेलात राहणार हे कळताच तो पायातल्या स्लिपरसकट वर आला. वहिनींनी मंगळसूत्र घरीच ठेवावं, किनाऱ्यावर मोटारसायकलवरून येऊन ओढतात, असं तो म्हणाला. खोलीतल्या आरशाला बोट लावून बघावं, बोट आणि त्याचं प्रतिबिंब यांच्यात फट दिसली नाही तर समजावं की मागे कॅमेरा आहे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, आतून दार लावलं की ओळखीच्या आवाजालाही उघडायचं नाही, कारण हल्ली मशीन हुबेहूब माणसाचा आवाज काढतं. त्याच्या मेव्हण्याच्या साहेबांना म्हणे खुद्द त्यांच्याच आवाजात फोन आला होता. साहेबांनी पैसेही पाठवले.

नंतर आमच्या सोसायटीचे चेअरमन हर्षवर्धन आले. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. सगळी नोकरी पाणी अडवण्यात गेल्यामुळे त्यांचा पाण्यावर व्यक्तिगत राग आहे. अर्नाळ्याचं पाणी वरून शांत दिसतं आणि खालून ओढतं, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. "तुमचं ठीक आहे हो, पण बाईमाणूस असेल तर डोळ्यांत तेल घालून बसायचं," असं म्हणून ते माझ्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मयताच्या घरी असा हात ठेवतात.

मग मी तयारी केली. चादरी घरच्या, टॉवेल घरचे, पाणी घरचं, शिवाय बॅटरी, दोरी आणि एक कुलूप. आमचं सामान बघून वॉचमनने भाडेकरू कधी येणार म्हणून विचारलं. यमुनाचं मात्र वेगळंच चाललं होतं. ती शांतपणे एक छोटी पिशवी भरत होती, आणि त्या पिशवीत तिने गाऊन, शाल आणि कानात घालायचा कापूस एवढंच घेतलं होतं.

इथे आमच्या घरातली एक व्यवस्था सांगितली पाहिजे. रात्री झोपण्यापूर्वी गॅस, नळ आणि दाराची कडी बघायचा माझा नेम आहे. बघून झालं की मी झोपतो. पण मध्येच जाग आली की आपण बघितलं होतं की नाही, ते आठवत नाही. अशा वेळी मी यमुनाला विचारतो. ती "बघितलंत" म्हणते आणि मला पुन्हा झोप लागते. कधी कडीचं विचारतो, कधी विनिताचा फोन आला होता का ते विचारतो, कधी माझ्या छातीत दुखतंय ते गॅसेसचं असेल ना, एवढंच. अतिशय सोपी व्यवस्था आहे आणि आजवर तिच्याबद्दल कोणाची तक्रार आलेली नाही.

विरारहून बसने अर्नाळ्याला उतरलो तेव्हा समोर समुद्र, त्यात किल्ल्याचं बेट, वाळूवर ओढलेल्या होड्या आणि बांबूंवर सुकत घातलेले बोंबील असं सगळं ठीकठाक दिसत होतं. 'सुरूछाया'च्या व्हरांड्यात एक गृहस्थ स्टुलावर चढून नाताळचा कंदील टांगत होते. ते रिटाबाईंचे यजमान, गॅब्रिएल. त्यांनी आम्हाला बघून हसून मान हलवली आणि आतल्या दिशेला बोट दाखवलं. बोलायचं खातं त्यांच्याकडे नव्हतं.

रिटाबाई टेबलामागे बसल्या होत्या. साठीच्या, चष्मा नाकावर उतरलेला, गळ्यात क्रूस. त्यांनी आमची आधार कार्डं मागितली, माझं बघितलं, यमुनाचं बघितलं, परत माझं बघितलं आणि चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं.

"तुमी जूचंद्रचे. ह्या बी जूचंद्रच्या. मग सोताचं घर सोडून हितं रूम कशाला पायजे?"

समुद्र बघायला, असं मी म्हणालो. माझ्याच कानांना ते खोटं वाटलं. रिटाबाई म्हणाल्या, लोकल आधारवर त्या जोडप्याला एक खोली देत नाहीत, आजूबाजूला नाव खराब होतं. शिवाय यमुनाच्या कार्डावर तिचं माहेरचं नाव आणि आमच्या जूचंद्रमधल्याच जुन्या घराचा पत्ता होता. ती शाळेत नोकरीला असल्यामुळे पगाराच्या खात्यापासून सगळं त्याच नावावर राहिलेलं आहे. रिटाबाईंची नजर यमुनाच्या गळ्याकडे गेली. गळा मोकळा. भूपेशच्या कृपेने माझी बायको त्या क्षणी जगातली सर्वांत कमी विवाहित दिसणारी बाई होती.

मला दरदरून घाम फुटला. मी आयुष्यात बिनातिकीट फलाटावर पाऊल ठेवलं नाही, आणि आज परस्त्रीबरोबर हॉटेलात आल्याच्या संशयावरून उभा होतो. आमच्या वयाकडे तरी बघा, असं मी कसंबसं म्हणालो. त्यावर बाई म्हणाल्या की तरुण पोरांचं त्यांना काही वाटत नाही, ती पुढेमागे लग्न करतात. भीती या वयाचीच असते.

लग्नाचं सर्टिफिकेट दाखवा, असं त्या म्हणाल्या. ते आमच्याकडे नाही. एकदा ते काढायला मी एका सरकारी खिडकीवर गेलो होतो, तर त्यांनी लग्न लावणाऱ्या भटजींची सही आणा म्हणून सांगितलं. भटजी वारले होते. मग भटजी वारल्याचा दाखला आणा, म्हणाले. तो आणायला भटजींच्या मुलाकडे गेलो, तर त्याने माझ्याकडे वडिलांच्या राहिलेल्या दक्षिणेची चौकशी केली. त्यानंतर मी तो नाद सोडला, आणि आम्ही केवळ विश्वासावर नवरा-बायको आहोत.

फोनमध्ये फोटो तरी दाखवा, म्हणाल्या. माझ्या फोनमध्ये सुप्रभाताच्या फुलांचे फोटो निघाले, गॅस मीटरचे निघाले, विनिताबरोबर यमुना निघाली, विनिताबरोबर मी निघालो. आम्ही दोघं एकत्र कुठेच नव्हतो, कारण दोघांतलं एक नेहमी फोटो काढत होतं. विनिताला फोन लावला, तिने तो कापून मीटिंगमध्ये असल्याचा मेसेज पाठवला. असा मेसेज कुनीपन पाठवतं, असं बाई म्हणाल्या. भूपेशला फोन करून खात्री करून घ्या, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मग आमचं लग्न झालंय की नाही, हा विषय सोसायटीच्या पुढच्या सभेत मताला टाकला गेला असता. मी फोन खिशात ठेवला.

शेवटी रिटाबाई म्हणाल्या की त्यांची एक पद्धत आहे. त्या पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, कामात असतात. चर्चमध्ये लग्नाआधी फादर नवऱ्याला वेगळं आणि नवरीला वेगळं बसवून प्रश्न विचारतात, म्हणजे दबावाखाली कोणी काही बोलत असेल तर समजतं. तीच पद्धत त्यांनी हॉटेलात चालू केली होती. उत्तरं जुळली तर एक खोली, नाही जुळली तर दोन. दुसऱ्या खोलीला निम्मा दर, कारण प्रश्न पैशाचा नाही, नीतीचा आहे.

आधी यमुनाला स्वयंपाकघरात नेलं. मी व्हरांड्यात बसलो. गॅब्रिएल स्टुलावरून उतरून माझ्याशेजारी येऊन बसले आणि बरोबर आहे-चालायचंच अशा अर्थाची मान हलवत राहिले. मी विचारलं, कोणी पास होतं का? त्यांनी थोडा विचार केला. "मी नाय झालो," म्हणाले.

मग माझा नंबर आला. शालान्त परीक्षेला मी इतका घाबरलो नव्हतो. तिथे नापास झालो असतो तर फक्त वर्ष गेलं असतं. लग्न कोणत्या महिन्यात झालं? फेब्रुवारी, कुडाळला. सासूचं नाव काय? सांगितलं. लग्नात कोणत्या रंगाचा शालू होता? हिरवा, म्हणालो, आणि लगेच वाटलं की तो पिवळाही असू शकतो. चहा कसा घेता? आलं घालून, दिवसातून बऱ्याच वेळा. बायको कुठल्या कुशीवर झोपते? याला मी अडलो. मी जेव्हा जेव्हा तिला विचारायला उठवतो तेव्हा ती माझ्याकडेच वळलेली असते, म्हणून मी डाव्या असं सांगितलं.

रिटाबाईंनी चष्मा वर सरकवला आणि निकाल दिला. एकही उत्तर जुळत नव्हतं. यमुनाला वरची समुद्राकडची खोली, आणि मला खालची, मागच्या बाजूची.

मी यमुनाकडे बघितलं. ती नाराज असेल, रडेल, बाईंशी भांडेल असं मला वाटलं होतं. तिने आपली छोटी पिशवी उचलली आणि "बरं," म्हणाली. हे सगळं माझ्या शालूमुळे झालं याबद्दल मला शंका उरली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात मला बायकोच्या लग्नातल्या लुगड्याचा रंग सांगता येऊ नये, ही शरमेची गोष्ट होती, आणि तिने त्याबद्दल एक शब्द काढला नाही म्हणून मला जास्तच शरम वाटली.

जिन्याच्या पायथ्याशी मी तिला सूचना दिल्या. दार आतून लाव, आरशाला बोट लावून बघ, आणि कोणी कितीही वाजवलं तरी उघडू नकोस. मी आहे असं सांगितलं तरी उघडू नकोस. ती "नाही उघडणार" म्हणाली आणि भराभर वर गेली. ती इतक्या भराभर जिना चढू शकते हे मला माहीत नव्हतं.

माझ्या खोलीच्या खिडकीबाहेरच बोंबील सुकत होते. मी खिडकी लावली, कोंडलेल्या वासाने गुदमरलो, खिडकी उघडली, मग चोर येईल म्हणून लावली. आरशाला बोट लावून बघितलं. फट दिसली नाही असं वाटलं, चष्मा घातल्यावर दिसली, म्हणून सुरक्षितपणासाठी आरशावर टॉवेल टाकला. पंख्याला एक लाल दिवा होता, त्यावर माझी टोपी अडकवली. हे सगळं झाल्यावर खाटेवर बसलो आणि यमुनाला विचारावं म्हणून तोंड उघडलं, तेव्हा शेजारी कोणी नव्हतं. मला खरंच कसंतरी झालं. मी आयुष्यात एवढा एकटा कधी बसलेलो नाही.

जेवायला ती आली नाही. दुपार कशीबशी काढून मी वर जाऊन दार वाजवलं. उत्तर नाही. नाव घेऊन हाक मारली, मग आठवलं की माझ्या आवाजाला उघडू नकोस असं मीच सांगितलंय, म्हणून ओळख पटावी यासाठी मी तिला विनिताचा वाढदिवस सांगितला, गॅसचा ग्राहक क्रमांक सांगितला. उत्तर नाही. फोन लावला तर बंद. दाराला लॅच होतं, आत कोणी आहे की नाही हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता. समुद्रावर फिरायला गेली असेल, असं मी स्वतःला समजावलं, आणि समजावता समजावता माझा जिना उतरायचा वेग वाढला.

ऊन कलतं झालं होतं. वाळूवर माणसं तुरळक. मी पाण्याच्या कडेने चालत गेलो आणि थबकलो. ओल्या वाळूवर चपला होत्या. तपकिरी, अंगठ्याच्या, टाचेला झिजलेल्या, यमुनाच्या आहेत तशा. चपलांची तोंडं समुद्राकडे होती.

यापुढचं मला सलग आठवत नाही. मी ओरडलो एवढं नक्की, कारण होड्यांपाशी जाळी विणत बसलेले कोळी उठून धावले. काय झालं, ते म्हणाले. बायको, मी म्हणालो, आणि चपलांकडे हात केला. दोघांनी लगेच होडी पाण्यात लोटली. गॅब्रिएल धावत आले आणि अंगातल्या कपड्यांसकट कमरेपर्यंत पाण्यात शिरले. रिटाबाई जपमाळ घेऊन वाळूवर गुडघे टेकून बसल्या. पन्नास-साठ माणसं जमली. कोणी पाण्याला ओहोटी आहे म्हणत होतं, कोणी ओढ किल्ल्याकडे आहे म्हणत होतं, आणि मला प्रत्येक वाक्याबरोबर हर्षवर्धनांचा हात खांद्यावर जाणवत होता.

त्याच वेळी भूपेशचा फोन आला. आरशामागे काही सापडलं का, असं तो विचारत होता. मी त्याला काय सांगितलं देव जाणे. थोड्या वेळाने सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडल्याची चित्रं यायला लागली. चेअरमननी लिहिलं होतं की वहिनी फार शांत स्वभावाच्या होत्या, आणि उद्याची टाकी सफाई पुढे ढकलण्यात येत आहे.

मी वाळूत बसून रडत होतो. लाजबीज काही वाटत नव्हती. उद्यापासून मी कोणाला काय विचारणार, असं काहीतरी माझ्या डोक्यात फिरत होतं. तेवढ्यात गर्दीच्या मागच्या बाजूने मला एक आवाज ऐकू आला.

"काय हो, कोण गेलं?"

"कोनाची तरी बायको बुडाली," एक कोळीण म्हणाली. "नवरा कसा रडते बघा."

"अगं बाई. लहान होती का हो?"

"नाय, तुमच्याच वयाची असंल."

"बिचारा," असं म्हणत शाल लपेटलेली एक बाई दोघांच्या मधून डोकावली. तिच्या एका कानात अजून कापूस होता आणि गालावर उशीची घडी उमटलेली होती. तिने मला बघितलं. मी तिला बघितलं. ती माझ्याकडे बघून आधी हळहळली, आणि मग तिला मी कोण ते समजलं.

पुढे काय झालं ते सांगण्यासारखं नाही. मी तिचे दोन्ही हात धरले आणि सोडेना. ती "अहो, झोपले होते, नुसती झोपले होते," असं परत परत म्हणत होती. होडी परत बोलवावी लागली. गॅब्रिएल ओलेचिंब होऊन बाहेर आले, यमुनाकडे बघून हसले आणि मान हलवली. ती कोळीण पुढे झाली आणि वाळूवरच्या चपला पायात घालून "ह्या माज्या हायत, मी होडीवर गेलेले," म्हणत निघून गेली. जमलेली माणसं मात्र हिरमुसून पांगली. एवढा वेळ थांबून हातात काही लागलं नव्हतं.

रिटाबाईंनी आम्हाला व्हरांड्यात बसवून आल्याचा चहा दिला. त्या आता पूर्ण बदलल्या होत्या. दुसऱ्याच्या बायकोसाठी कोणी एवढं रडत नाही, त्यांची खात्री पटली, असं म्हणून त्यांनी वरच्या खोलीची दुसरी किल्ली माझ्यापुढे ठेवली. मी एक कप संपवून दुसरा घेतला. रिटाबाई माझ्या कपाकडे बघत राहिल्या.

"बाई," त्या यमुनाला म्हणाल्या, "तुमी तर बोलल्या हे चहाला शिवत बी नाय."

यमुना बशीत चहा ओतत होती. ती ओतत राहिली.

"लगीन मे मैन्यात बोलल्या. सासूचं नाव बी दुसरंच सांगितलं."

मला समजायला वेळ लागला. माझ्या सासूचं नाव आणि तिच्या सासूचं नाव वेगळं असणारच, असं आधी मला वाटलं. पण चहा तर एकच होता. मी यमुनाकडे बघितलं. तिने बशी तोंडाला लावली, संपवली, खाली ठेवली, आणि पदराने ओठ पुसले.

रिटाबाई शहाण्या. त्यांना काहीतरी आठवल्यासारखं झालं आणि त्या गॅब्रिएलना कपडे बदलायला लावायला आत गेल्या.

"शालू हिरवाच होता ना?" मी विचारलं. का कोण जाणे, पहिल्यांदा तेच विचारलं.

"हिरवाच," ती म्हणाली. "तुमचं सगळं बरोबर असणार. मला माहीत होतं."

"मग मुद्दाम?"

ती समुद्राकडे बघत होती. मग माझ्याकडे वळली. "त्या बाई म्हणाल्या, जुळलं नाही तर दोन खोल्या. मी असं काही ठरवून आले नव्हते हो. पण ते ऐकलं आणि मला एवढी झोप आली. मला सलग झोपायचं होतं. कोणी काही न विचारता."

मला राग आला होता, आणि राग आल्याचं सांगायची भीती वाटत होती. माझा कंटाळा आलाय का, असं मी शेवटी विचारलं. तो प्रश्न विचारताना माझा आवाज मलाच मशीनने काढल्यासारखा वाटला.

"कंटाळा नाही," ती म्हणाली. "तुम्हाला भीती वाटते आणि तुम्ही मला सांगून झोपता. मग ती माझ्याकडे राहते. तुमच्या भीतीपाशी कोणीतरी जागं नको का? ते काम मी करते. आज सुटी घेतली."

असं म्हणून ती उठली आणि दुसरी किल्ली टेबलावर तशीच ठेवून वर गेली. वर जाताना तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. पण गेली.

त्या रात्रीबद्दल मी विस्ताराने सांगणार नाही. मला अनेक गोष्टींची भीती वाटली आणि मी त्या सगळ्या स्वतःच सांभाळल्या. हे काम किती जड आहे याची मला कल्पना नव्हती. पहाटे डोळा लागला तो बोंबील फिरवायला आलेल्या बायकांच्या बोलण्याने उघडला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती खाली उतरली नाही. मी वाळूवर बसून तिच्या बाल्कनीकडे बघत होतो. वर जावं, दार वाजवावं, असं फार वाटत होतं. ग्रुपवर भूपेश वहिनी जिवंत असल्याचा पुरावा मागत होता, त्यालाही मी उत्तर दिलं नाही. मला खरी भीती वेगळीच वाटत होती. एकदा अशी झोप मिळाल्यावर ही बाई घरी तरी कशाला येईल? तिची नोकरी आहे, निवृत्तीला अवकाश आहे, आधार कार्डावर नावही तिचं स्वतःचंच आहे. तिला फक्त पिशवी उचलायची होती, आणि ती पिशवी फार हलकी होती.

मी खोलीत येऊन बसलो. कोणीतरी दार वाजवलं. कोण, मी विचारलं.

"मी."

आवाज यमुनाचा होता. भूपेश म्हणतो तशी मशीनं असतील, पण मी धावत जाऊन दार उघडलं.

ती आंघोळ करून आली होती. केस ओले, चेहरा असा ताजा की मला एकदम कुडाळचं लग्नाचं कार्यालय आठवलं. ती आत आली, आरशावरचा टॉवेल बघितला, पंख्यावरची टोपी बघितली, आणि खाटेवर बसली.

"माझी झोप झाली," ती म्हणाली. "आता बोला. कशाची भीती वाटते?"

सांगण्यासारखं खूप होतं. रात्रभर साठलेलं होतं.

"तू येणार नाहीस याची," मी म्हणालो. "बाकीचं मी बघून घेतलं."

मग तिने पाय वर घेतले, माझ्या बाजूला सरकली आणि शाल दोघांच्या गुडघ्यांवर ओढली. तिचे हात ऊबदार होते. बाहेर त्या कोळणी बोंबील टोपल्यांत भरत मोठमोठ्याने बोलत होत्या, आणि दार सताड उघडं होतं. मला ते दिसत होतं. मी उठलो नाही.